परत आलो की काढतो

माझी मोठी बहीण गेली सव्वीस वर्षं एकाच कंपनीत एकच काम करते, आणि ते काम काय आहे हे मला सांगता येणार नाही असं सगळ्यांना वाटतं. कारण मी कपडे अल्टर करायचं दुकान चालवते. बाह्या कमी करायच्या, कंबर सैल करायची, चेन बदलायची. अशा बाईला कॉम्प्युटरच्या पोटातलं काय कळणार? पण मला कळतं. ताईनं समजावलंय आणि मी गिऱ्हाइकांना इतक्यांदा सांगितलंय की आता तोंडपाठ झालंय.

यंत्र सुरू केलं की पडद्यावर काही दिसायच्या आधी आत एक मूळचा प्रोग्रॅम जागा होतो. त्याला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. तिचा अगदी तळातला भाग मेमरीशी, डिस्कशी, एकेका बोर्डाशी थेट बोलतो. ताईची कंपनी रक्त तपासायची यंत्रं बनवते, आणि त्या यंत्रांतला हा तळातला भाग पंचवीसेक वर्षांत वीस-बावीस माणसांनी मिळून लिहिलेला आहे. लिहिताना ती माणसं कोडच्या मधेमधे साध्या भाषेत ओळी टाकतात: इथे असं का केलंय, याला हात का लावू नये. त्यांना कॉमेंट म्हणतात. यंत्र त्या ओळी वाचतच नाही. त्या फक्त मागून येणाऱ्या माणसासाठी असतात.

आता गंमत अशी की कोड बदलत राहतो आणि कॉमेंट बदलायचं कुणाच्या ध्यानात राहत नाही. बदललं नाही तरी यंत्र चालतंच ना! मग वर लिहिलेलं असतं एक आणि खाली चाललेलं असतं भलतंच. माझ्या दुकानात एकदा असंच झालं. एका पँटला चिठ्ठी टाचलेली होती, 'लांबी दोन इंच कमी'. मी सकाळी ती दोन इंच कमी केली आणि चिठ्ठी काढायची विसरले. दुपारी मदतीला येणाऱ्या बाईंनी चिठ्ठी वाचून आणखी दोन इंच उडवली. गिऱ्हाईक संध्याकाळी आरशासमोर उभं राहिलं तेव्हा त्याची अर्धी पोटरी दिसत होती. त्या माणसानं मला जे ऐकवलं ते मी इथे लिहीत नाही.

तर ताईचं काम म्हणजे अशा शिळ्या चिठ्ठ्या शोधायच्या आणि खऱ्या करायच्या. कोडला ती बोटही लावत नाही. तिची पद्धत ठरलेली आहे. फाइल उघडली की आधी सगळ्या कॉमेंटचा रंग पांढरा करायचा, म्हणजे पांढऱ्या पडद्यावर त्या दिसेनाशा होतात. मग नुसता कोड वाचायचा आणि तो काय करतोय ते कागदावर आपल्या शब्दांत उतरवायचं. ते झालं की कॉमेंटला रंग द्यायचा आणि कागदाशी ताडून बघायचं. जिथे जुळत नाही तिथे कोण चुकलंय, कागद की कॉमेंट, हे शोधत बसायचं. कधी एकेका ओळीसाठी चार दिवस जातात. वर्षाला पस्तीस-चाळीस फाइली होतात. कुणी पाठ थोपटत नाही. ऑफिसात तिला 'खोडरबर' म्हणतात आणि तिला ते ठाऊक आहे. वाढदिवसाला एकदा कुणीतरी खरंच मोठा खोडरबर आणून दिला, तो ती आमच्या फ्रिजवर ठेवून कौतुकानं बघत असते.

तिचा एकच नियम आहे आणि तो तिनं सगळ्या ऑफिसला लावलाय. एका जागी एकच कॉमेंट. जुनी तशीच ठेवून खाली नवी चिकटवायची नाही, कारण माणूस पहिली ओळ वाचतो आणि पुढे जातो. या नियमावरून तिनं भल्याभल्यांशी भांडण केलंय. घरात हळू आवाजात बोलणारी माझी बहीण तिथे कुणाच्या बापाला ऐकत नाही.

आणि शिळी चिठ्ठी दिसली की पुसायची, हे काम तिनं एकाच जागी टाळलं. त्याचंच हे सगळं.

तेव्हा ताई तेहतीस वर्षांची होती. तळातला कोड लिहिणारा एक माणूस तिच्या शेजारी बसायचा. मी त्याला 'शिडी' म्हणायचे, कारण तो तितका उंच होता. ताईला ते नाव आवडायचं नाही, म्हणून मी मुद्दाम म्हणायचे. शिडी कोड झकास लिहायचा पण कॉमेंट एक म्हणून टाकायचा नाही. कोड तपासायला ताईकडे यायचा आणि ताई तो तसाच परत पाठवायची. "मला कळल्याशिवाय पुढे जाणार नाही." तो चिडायचा, मग लिहायचा. लिहिता लिहिता चांगला लिहायला लागला. दोघं जेवणाच्या सुट्टीत इमारतीमागच्या लोखंडी जिन्यावर डबे घेऊन बसायचे, आणि काय बोलायचे तर मेमरीचा कुठला तुकडा कधी मोकळा करायचा!

तो आमच्या दुकानातही यायचा. तयार शर्टाच्या बाह्या त्याला कधीच पुरायच्या नाहीत. माप घेताना मला स्टुलावर चढावं लागायचं आणि ताई खाली उभी राहून हसू दाबायची. त्या वर्षात तो अकरा वेळा आला. त्यातल्या सहा शर्टांत काही दोष नव्हता, हे मी शपथेवर सांगेन. मी आपली वाट बघत होते की आज बोलेल, उद्या बोलेल. दोघांपैकी एकानं तोंड उघडलं असतं तर! पण कागदावर वाघ आणि समोरासमोर शेळी, अशी ती जोडी होती.

मग त्याला सहा महिन्यांसाठी दुसऱ्या देशातल्या ऑफिसात पाठवलं. जायच्या आदल्या दिवशी त्यानं एक शेवटचं काम केलं. त्या वेळच्या यंत्रांतली डिस्क चालू व्हायला वेळ घ्यायची, आणि तिच्या आधीच बाकीचं सगळं सुरू झालं की गोंधळ व्हायचा. म्हणून त्यानं कोडमध्ये तीन सेकंदांचा थांबा टाकला आणि वर लिहिलं:

'हा थांबा तात्पुरता आहे. जुनी डिस्क उठायला वेळ लावते म्हणून. परत आलो की काढतो. तोवर राहू दे.'

ताईनं ती ओळ दुसऱ्या दिवशी सकाळी वाचली. संध्याकाळी घरी येऊन तिनं मला ती म्हणून दाखवली. चपलाही काढल्या नव्हत्या.

"अगं, हे डिस्कबद्दल आहे," मी म्हटलं.

"हो. डिस्कबद्दलच आहे," ती म्हणाली आणि रात्री झोपेपर्यंत तिच्या चेहऱ्यावरून ते हसू काही गेलं नाही.

त्या सगळ्या फाइलींत, हजारो ओळींत, 'राहू दे' असं कुणी कुणाला म्हटलेलं नाही. बाकी सगळं 'करावे', 'करू नये' असं कोरडं. ती ओळ मात्र एका माणसाला उद्देशून होती. हे मला तेव्हाही कळत होतं, उगाच नाही म्हणू कशाला?

सहा महिन्यांचं वर्ष झालं. मग त्यानं तिकडेच दुसरी नोकरी धरली आणि सगळ्यांना मिळून एक निरोपाचं मेल पाठवलं. चाळीस जणांना एकच मेल. त्या चाळिसांत ताई अठरावी होती. मी मोजलं होतं. पाचव्या वर्षी त्याच्या बाळाचा फोटो आला, तोही चाळिसांना. ताईनं माझ्याकडून बाळासाठी एक फ्रॉक शिवून घेतला आणि पाठवला. मी शिवला, पण एकेक टाका दात-ओठ खाऊन घातला.

कुणाला वाटेल की माझी बहीण दाराला डोळे लावून बसली. तसं नाही. ती डोंगर चढायला जायची, आईच्या शेवटच्या आजारपणात तिनं मला दुकान एक दिवस बंद ठेवू दिलं नाही, भाच्यांना गणित शिकवलं. लग्नासाठी दोन माणसांनी तिला विचारलंही होतं. एक फार बोलायचा आणि एक बोलायचाच नाही, म्हणून तिनं दोघांना नकार दिला, आणि दोन्ही वेळा मला तिचं पटलं. माझा स्वतःचा संसार सहा वर्षांत आटोपलेला, त्यामुळे आग्रह करायला मला तोंड नव्हतं. आम्ही दोघी दुकानाच्या वरच्या दोन खोल्यांत राहतो आणि बरं चाललंय. फक्त ती ओळ तिथंच होती. जुन्या डिस्क भंगारात गेल्या, तिच्या हाताखालून शेकडो खोट्या कॉमेंट पुसल्या गेल्या, आणि 'परत आलो की काढतो' मात्र एकोणीस वर्षं जागेवर राहिली.

हे मला गेल्या महिन्यातल्या एका गुरुवारी कळलं. ओळ आहे हे माहीत होतं. ती अजून आहे हे माहीत नव्हतं.

दुपारचे तीन वाजले होते. ताई भर कामाच्या दिवशी दुकानात आली आणि गिऱ्हाइकांच्या स्टुलावर बसली. तिच्या हातात पर्स नव्हती, डबा नव्हता. सगळं ऑफिसात टाकून चालत आली होती.

"नव्याला काढणार आहेत," ती म्हणाली.

नवा म्हणजे त्यांच्याकडे पाच महिन्यांपूर्वी लागलेला माणूस. वय सेहेचाळीस, डोक्यावर एक केस नाही, तरी नाव 'नवा'. आधी शाळेत विज्ञान शिकवायचा. शाळा बंद पडली तेव्हा तो घरी बसून कोड लिहायला शिकला आणि मुलांच्या वयाच्या लोकांबरोबर परीक्षा देऊन इथे लागला. सहा महिने त्याला कच्चं ठेवायचं होतं, मग पक्कं करणार होते. ताईचा तो भारी लाडका. आल्या आल्या मला म्हणाली होती, "अगं, नवा कॉमेंट वाचतो! वाचून त्यावर विश्वास ठेवतो!" सव्वीस वर्षांत तिला पहिला वाचक भेटला होता.

त्या वाचकानं तीन सेकंदांचा थांबा वाचला. तात्पुरता आहे, जुन्या डिस्कसाठी आहे, असं लिहिलेलं. त्यानं चौकशी केली. जुनी डिस्क असलेलं एकही यंत्र उरलेलं नाही, अशी खात्री करून घेतली. मग थांबा काढून टाकला; कॉमेंट पुसायचं काम ताईचं, म्हणून ती तशीच ठेवली. ऑफिसातल्या यंत्रांवर तपासलं, सगळी तीन सेकंद लवकर सुरू झाली. साहेब खूश, मंजुरी त्यांनीच दिली; ताईपर्यंत ते आलंच नाही. नवा कोड सगळीकडे पाठवला गेला.

सोमवारी सकाळी दवाखान्यांतली यंत्रं रात्रभर बंद राहून गार पडलेली होती. ती सुरू केली आणि दोनशेदहा यंत्रांवर एकच ओळ आली: 'मोजणी बोर्ड सापडत नाही.' रक्ताच्या नळ्या तशाच रांगेत. अर्धा दिवस कुणाचा रिपोर्ट निघाला नाही. एका बाईचं ऑपरेशन दुसऱ्या दिवशीवर गेलं. थांबा परत घातल्यावर सगळं सुरळीत झालं, पण तोवर व्हायची ती शोभा झाली होती. ऑफिसातली यंत्रं बंद केली की लगेच सुरू करतात, ती कधी गार पडतच नाहीत, म्हणून तिथे काही दिसलं नव्हतं.

"मग त्यानं नीट तपासायला नको?" मी म्हटलं. "नुसती चिठ्ठी वाचून कापत सुटायचं?"

"त्यानं नीट तपासलं. कॉमेंटमध्ये डिस्क लिहिलं होतं, त्यानं डिस्क तपासली. सात वर्षांपूर्वी मोजणी बोर्ड बदलला. नवा बोर्ड गार असला की जागा व्हायला अडीच सेकंद घेतो. तो आपला त्या तीन सेकंदांत गुपचूप जागा होत होता. कुणाच्या लक्षात आलं नाही."

"तुझ्या?"

"माझ्या आलं होतं."

मी शिलाई मशीन बंद केलं.

तिनं सगळं सांगितलं. सात वर्षांपूर्वी तिनं ती फाइल तिच्या पद्धतीनं वाचली, कागदावर लिहिलं 'हा थांबा आता बोर्डासाठी', मग कॉमेंटला रंग दिला आणि शिडीची ओळ समोर आली. खरं ते लिहायचं तर त्याची ओळ पुसायला हवी. ती ठेवून खाली नवी चिकटवायची, तर नियम तिचाच. तिनं फाइल बंद केली. म्हटलं, इथे कोण हात लावतंय? वर्षातून एकदा उघडायची, ओळ वाचायची आणि बंद करायची.

"माझ्या त्या एका ओळीपायी त्या माणसाची नोकरी जातेय," ती म्हणाली. "त्याला अजून कळलेलं नाही की तो कुठे चुकला. सकाळपासून कोड परत परत वाचतोय. माझ्याकडे येऊन विचारतोय, ताई, माझं काय वाचायचं राहिलं?"

आता मी काय म्हटलं ते लपवत नाही. मी म्हटलं, "साहेबांना सांग की नजरेतून सुटलं. सव्वीस वर्षांत एक सुटलं तर कुणी फाशी देत नाही. नवाही वाचेल आणि तुझीही लाज राहील."

"सुटलं नव्हतं."

"ते तुला माहीत. त्यांना कशाला?"

तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी कात्री उचलून उगाच एक दोरा कापला. मग म्हणाली, "आयुष्यभर मी एवढंच केलं गं. लिहिलेलं खरं असावं. आता त्याच्यावरच खोटं लिहू?"

मला राग आला होता, पण तिचा नाही. समुद्रापलीकडे एक उंच माणूस मुलाबाळांत सुखानं बसलाय, चार ओळी लिहून विसरलाय, आणि इथे त्याच्या तीन सेकंदांनी दोन माणसं धरून ठेवलीत, याचा आला होता. मी तिला तसं म्हटलंही. ती म्हणाली, "त्यानं कुठे धरलं? मी धरलं."

शुक्रवारी ती साहेबांकडे गेली. सगळं सांगितलं. साहेबांनी विचारलं, "माहीत होतं तर का नाही बदललंत? तुम्ही?" ती म्हणाली, "खासगी कारण आहे." साहेबांनी फाइल उघडली, ती कॉमेंट वाचली, खालचं नाव आणि तारीख बघितली. एकोणीस वर्षांपूर्वी साहेब त्याच दालनात चार खुर्च्या सोडून बसायचे. लोखंडी जिना त्यांच्या खिडकीतून दिसायचा. त्यांनी फाइल बंद केली. म्हणाले, "कॉमेंट दुरुस्त करा. नव्याचं पत्र मी थांबवतो. तुमच्या नावावर मात्र लेखी ताकीद जाईल, मला ती टाळता येणार नाही."

"टाळू नका," ताई म्हणाली.

शनिवारी ऑफिसला सुट्टी. सकाळी ती लॅपटॉप घेऊन खाली आली आणि माझ्या कापायच्या टेबलावर, खडूची धूळ पुसून, बसली. घरी एकटीनं करायचं तिला नको होतं. मी तिच्याजवळ चहा ठेवला आणि एका जॅकेटचं अस्तर उसवायला घेतलं. जॅकेटवाला अकराला यायचा होता.

नवी कॉमेंट तिनं दोन मिनिटांत लिहिली. 'हा थांबा कायमचा आहे. मोजणी बोर्ड गार असताना जागा व्हायला अडीच सेकंद घेतो. काढू नये.' त्याच्या खाली एक रिकामी चौकट होती. बदल का केला, ते तिथे लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. त्या चौकटीपाशी तिला पाऊण तास लागला. मी उसवता उसवता बघत होते. ती लिहायची आणि पुसायची. शेवटी तिनं लिहिलं, 'आधीची कॉमेंट बऱ्याच वर्षांपासून खरी नव्हती. मला हे माहीत होतं. ज्यानं ती वाचून काम केलं त्याची चूक नाही.'

मग ती हात मांडीवर ठेवून बसून राहिली.

"आता काय?" मी म्हटलं.

"बटण दाबलं की त्याला मेल जाईल."

"कोणाला?"

"कॉमेंट बदलली की ज्याची असेल त्याला आपोआप कळवलं जातं. दहा वर्षांपूर्वी ही सोय आली. त्याच्या आधी पुसलं असतं तर त्याला कळलंही नसतं. फाइलवर त्यानं जाताना स्वतःच्या घरच्या मेलचा पत्ता टाकलाय, कुणाला काही विचारायचं असलं तर म्हणून."

"आणि तू विचारलंस का कधी काही?"

तिनं मान हलवली. "ती ओळ होती तोवर विचारायचं शिल्लक होतं. आता हे गेलं की विचारल्यासारखं होईल. मग जे काय असेल ते कळेल." तिचा आवाज इतका लहान झाला होता की मला तिची शाळेतली आठवण झाली. "मला त्याची फार आठवण येते गं. अजून. एवढी येऊ नये, पण येते."

एकोणीस वर्षांत हे वाक्य तिनं पहिल्यांदा उच्चारलं. मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि तिनं बटण दाबलं.

बदलाला दुसऱ्या कुणाची तरी मंजुरी लागते. ती नव्यानं दिली, दहा मिनिटांत, सुट्टीच्या दिवशी. सोबत लिहिलं होतं, 'ताई, आता समजलं. आभार.' त्यानं आणखी काही विचारलं नाही. भला माणूस.

अकराला जॅकेटवाला आला. मी त्याला आत ट्रायल रूममध्ये नेलं. बाहेर आले तर ताई पडद्याकडे बघत होती आणि तिनं लॅपटॉप हळूच माझ्याकडे वळवला. शिडीचं उत्तर आलं होतं. एकट्या तिला.

'अगं, हे अजून होतं? मी इकडे राहायचं ठरवायच्या आधी पुष्कळदा मनात आलं होतं, विचारावं. पण तू खोटी ओळ एक दिवस ठेवत नाहीस. मी सहा महिन्यांत आलो नाही म्हणजे तू ती केव्हाच पुसली असशील, असं धरून चाललो. म्हणून मग काही विचारलं नाही. नवी कॉमेंट बरोबर आहे.'

मी ते दोनदा वाचलं. मला हातातली कात्री त्या पडद्यात खुपसावीशी वाटली. असं धरून चाललो म्हणे! माप न घेता कापड कापणारी माणसं मी पाहिलीत, पण हा सगळ्यांचा बाप निघाला.

ताई चिडली नाही. तिनं त्या मेलवर बोट ठेवलं. ती काय म्हणेल म्हणून मी वाट बघत होते, आणि ती म्हणाली ते अगदी ऑफिसातल्यासारखं, एखादी चूक सापडल्यासारखं म्हणाली.

"पहिलं वर्षभर तो आपल्याच कंपनीत होता. त्याला ती फाइल उघडता येत होती." मग तिचा चेहरा मोडला. "नुसती उघडून बघायची होती गं."

आणि माझी बहीण, आईच्या वेळीही सगळ्यांना सावरत उभी राहिलेली माझी बहीण, कापायच्या टेबलावर डोकं टेकून मोठ्यानं रडायला लागली. मी तिला गप्प केलं नाही. दुकानाचं दार आतून लावून घेतलं, 'बंद आहे'ची पाटी फिरवली आणि तिच्या शेजारी स्टूल ओढून बसले. जॅकेटवाला आतच होता. त्या बिचाऱ्यानं सगळं ऐकलं असणार, कारण तो अर्धा तास ट्रायल रूममधून बाहेरच आला नाही.